फिरता कार्बन आणि पुरलेला कार्बन

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘निसर्गातील कार्बनचा साठा आणि प्रवास’ असा छापला आहे. नवव्या-दहावीच्या पुस्तकातला हा धडा कार्यकर्त्यांच्या शिबिरात कशाला, असे काही चेहऱ्यांवर दिसते आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

मोबाईलवर एक हिशेब फिरतो. तुमच्यापैकी अनेकांना तो आला असेल. माणूस श्वासावाटे रोज सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. त्याला ३६५ ने गुणायचे, मग लोकसंख्येने गुणायचे. उत्तर काही कोटी टनांत येते. आणि त्याच्याखाली वाक्य असते : ज्यांची लोकसंख्या वाढते आहे त्यांनीच पृथ्वी तापवली. ‘ज्यांची’ म्हणजे कोणाची, हे लिहिण्याची गरज नसते. वाचणाऱ्याला ते कळते. कधी कधी सोबत टोपी घातलेल्या मुलांचा फोटो असतोच.

यावर आपली नेहमीची प्रतिक्रिया काय? चिडायचे, किंवा जन्मदराचे आकडे काढून वाद घालायचा. जन्मदराचे आकडे माहीत असावेत, तो वाद जरूर घाला. पण या हिशेबातली चूक तिथे नाहीच. रोज एक किलो हा आकडा खोटा नाही, गुणाकारही बरोबर आहे. चूक कार्बनच्या खात्यात आहे. आणि तीच चूक एका दुसऱ्या, फार सज्जन दिसणाऱ्या हिशेबात आहे, जो आपण सगळे टाळ्या वाजवून मान्य करतो. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी साठे पाहू. आकडे अब्ज टनांत आहेत आणि फक्त कार्बनचे वजन धरले आहे. हवेत आज सुमारे ९०० अब्ज टन कार्बन आहे. जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून साधारण ४५०. म्हणजे हवेतल्या साठ्याच्या निम्मा. मातीत त्याहून पुष्कळ जास्त, पंधराशेच्या वर. आणि सैबेरिया, अलास्का, कॅनडा या भागांत वर्षानुवर्षे गोठून राहिलेल्या जमिनीत आणखी तेवढ्याच मापाचा साठा आहे. समुद्रात सुमारे ३८,००० अब्ज टन, तोही बहुतेक खोल पाण्यात विरघळलेला. आणि खडकांत? खडकांत कोट्यवधी अब्ज टन. त्यातला बहुतांश चुनखडीच्या रूपात. कोळसा, तेल आणि वायू हा खडकांतल्या एकूण साठ्याचा अगदी किरकोळ भाग आहे, पण हवेच्या मानाने तो प्रचंड आहे. ही तुलना लक्षात राहू द्या, कारण सगळा घोळ इथेच आहे.

आता यातला फिरता कार्बन कोणता आणि पुरलेला कोणता?

ज्वारीचे ताट घ्या. पावसाळ्याच्या शेवटी पेरलेली रब्बीची ज्वारी चार महिन्यांत उभी राहते. तिचे वाळलेले वजन मातीतून आले असे आपल्याला वाटते. मातीतून आले ते पाणी आणि थोडे क्षार. ताटाच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो आणि तो सगळा पानांनी हवेतून ओढलेला असतो. त्या ज्वारीची भाकरी तुम्ही खाता, शरीर ती जाळते, आणि श्वासावाटे तोच कार्बन हवेत परत जातो. म्हणजे आज या सभागृहात आपण जो एक-एक श्वास सोडतो आहोत, त्यातला कार्बन काही महिन्यांपूर्वी हवेतच होता. हवेतून उसना घेतला आणि हवेला परत केला. त्यामुळे हवेत नवा एक कणही वाढला नाही.

श्वासाच्या हिशेबातली चूक ही. जमेची बाजू खोडून फक्त खर्चाची बाजू लिहिली की कोणालाही दिवाळखोर ठरवता येते.

कोणी म्हणेल, ती ज्वारी पिकवायला ट्रॅक्टरचे डिझेल लागले, युरिया लागला आणि युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. बरोबर. ते धरलेच पाहिजे. पण मग तो डिझेलचा आणि वायूचा हिशेब झाला, श्वासाचा नव्हे. आणि तो करायचा तर डोकी मोजून होत नाही. कोण किती जाळतो हे मोजावे लागते. दरडोई पाहिले तर भारतीय माणसाच्या नावावर वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड येतो, जगाची सरासरी साडेचार टनांहून थोडी जास्त आहे आणि अमेरिकन माणसाचा आकडा १४ टनांच्या आसपास आहे. श्वास तिघांचा सारखाच आहे. भारताच्या सरासरीतही दोन गाड्या आणि चार वातानुकूलित खोल्यांचे घर आहे, आणि भिवंडीतल्या पत्र्याखाली बारा तास माग चालवणारा कामगारही आहे. सरासरी काढताना दोघे शेजारी बसतात.

जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात. श्वसन, कुजणे आणि वणवे मिळून जवळजवळ तेवढाच परत येतो. समुद्राचा पृष्ठभाग आणि हवा यांच्यातही वर्षाला ८०-९० अब्ज टनांची ये-जा चालते. या मानाने माणूस कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून हवेत सोडतो तो कार्बन सुमारे १० अब्ज टन. इथे दुसऱ्या प्रकारचा शहाणा उभा राहतो. तो म्हणतो, निसर्ग दोनशे फिरवतो, तुम्ही दहाचे काय घेऊन बसलात? दुकानाच्या गल्ल्यात रोज दोन लाख येतात आणि दोन लाख जातात, शिल्लक तीच राहते. त्यात कोणी रोज दहा हजार टाकत राहिला आणि काढले नाहीत, तर वर्षाअखेर गल्ला भरून वाहील. उलाढाल मोठी आहे म्हणून भर लहान ठरत नाही.

ही शिल्लक खरोखर वाढते आहे हे कसे कळले, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड नियमितपणे मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आलेखात त्यांना पहिल्यांदा दिसला तो दरवर्षीचा चढ-उतार. उत्तर गोलार्धातल्या वनस्पती उन्हाळ्यात कार्बन ओढतात म्हणून मे नंतर आकडा उतरतो आणि शरद ऋतूनंतर पुन्हा चढतो. पृथ्वीचा श्वास कागदावर उमटावा तसे ते आहे. पण दरवर्षी उतार संपतो तो आदल्या वर्षीपेक्षा थोडा वर. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे होती. कारखाने येण्यापूर्वी ती सुमारे २८० होती, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते.

ही भर जुन्या कोळशातूनच आली कशावरून? त्यालाही पुरावा आहे. वातावरणाच्या वरच्या थरात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होत असतो आणि प्रत्येक सजीवात तो थोडा असतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात तो शिल्लकच नसतो. हान्स सूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या खोडांतील लाकूड तपासून दाखवले की अलीकडच्या लाकडात कार्बन-१४ चे प्रमाण पातळ झाले आहे. दुधात पाणी पडल्यासारखे. हवेत म्हातारा कार्बन मिसळत होता आणि झाडे तोच ओढत होती. माणसांच्या श्वासाने हे पातळ होणे शक्य नाही, कारण श्वासातला कार्बन हवेइतकाच ताजा असतो. तेव्हा तो मोबाईलवरचा मजकूर पुढच्या वेळी आला की रागावू नका, कार्बन-१४ बद्दल विचारा.

आता पुरलेला कार्बन. तो पाहायला आपल्याच राज्यातल्या चंद्रपूर जिल्ह्यात जाऊ, कारण तिथे दोन प्रकारचे पुरलेले साठे शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही आपण उघडले आहेत.

पहिला कोळसा. वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. त्या वेळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकाच खंडाचे भाग होते. त्या खंडाचे गोंडवन हे नाव आपल्या गोंड मुलखावरून पडले. तिथल्या दलदलीत ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडे वाढायची, पडायची आणि चिखलाखाली जायची. प्राणवायू न मिळाल्यामुळे ती पुरती कुजली नाहीत. दरवर्षी झाडांनी घेतलेल्या कार्बनपैकी अगदी थोडा असा निसटून जमिनीखाली गेला. लाखो वर्षांची ही चिमूट-चिमूट बचत म्हणजे कोळशाचा थर.

दुसरा साठा चुनखडी, ज्यावर त्या जिल्ह्यातले सिमेंट कारखाने उभे आहेत. तिथली चुनखडी कोळशाहूनही पुष्कळ जुनी आहे. ती कशी होते हे समजायला सह्याद्रीत यावे लागेल. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी होते आणि खडक झिजवते. आपला काळा बेसाल्ट असा झिजायला सोपा असतो. झिजेतून सुटलेले कॅल्शियम आणि विरघळलेला कार्बन कृष्णा, भीमा, नर्मदा, तापी समुद्रात नेतात. तिथे दोन्ही मिळून शंख-शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीवांची कवचे होतात, ती तळाशी साचतात आणि कालांतराने चुनखडी होते. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, तेव्हापासून तो हवेतला कार्बन अशा रीतीने बाहेर काढतो आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने या प्रदेशातल्या नद्यांचे पाणी तपासून ही झीज मोजली आहे. आपण ज्या डोंगराला निर्जीव समजतो तो असा राबतो. पण त्याचा वेग विचारू नका. माणसाने एका शतकात सोडलेला कार्बन खडकांनी परत घ्यायला लाखो वर्षे लागतात.

चुनखडी भट्टीत भाजली की १०० किलोमागे ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा भट्टीच्या जळणाचा धूर नव्हे, तो वेगळा. हा दगडाच्या पोटातला वायू आहे. सिमेंटचा कारखाना उद्या सूर्यावर चालवला तरी तो सुटणारच. गंमत अशी की जुन्या वाड्यांच्या आणि मशिदींच्या भिंतींना लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, म्हणून तर तो कडक होतो. शाळेत नळीने चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती पांढरी केली होती ना, तेच. सिमेंटही थोडे परत घेते, पण जे सुटले त्या मानाने कमी आणि सावकाश.

तर कार्बनची दोन खाती आहेत. एक दिवसांचे, वर्षांचे, फार तर शतकांचे : हवा, झाडे, माती, समुद्राचा वरचा थर. दुसरे कोट्यवधी वर्षांचे. पूर्वी दुसऱ्या खात्यातून पहिल्यात येणारी मुख्य वाट म्हणजे ज्वालामुखी आणि ते आजही माणसाच्या तुलनेत वर्षाला एक टक्काही सोडत नाहीत. आपण केले ते एवढेच की जमिनीत पुरलेला हंडा उकरून रोजच्या गल्ल्यात ओतायला लागलो.

आता तो सज्जन हिशेब. कोणी कंपनी किंवा महापालिका म्हणते : आम्ही इतका कार्बन सोडला, इतकी झाडे लावली, हिशेब शून्य. वर्तमानपत्रात फोटो येतो, मंत्रीमहोदयांच्या हातात रोप आणि चार माणसांच्या हातात एकच झारी. हा हिशेब करून पाहू. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर २९ लाख २० हजार युनिट वीज होते. कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे तासाला सुमारे २,९०० टन. बऱ्यापैकी वाढलेले झाड वर्षाला २० किलो घेते असे धरा, तर एका तासाच्या धुरासाठी जवळपास दीड लाख झाडांनी वर्षभर काम करायचे. केंद्र वर्षभरात सरासरी निम्म्या क्षमतेने चालले असे धरले तरी ६० कोटींहून अधिक झाडे लागतात. महाराष्ट्र सरकारने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी झाडे लावण्याची मोहीम जाहीर केली होती. त्यातले प्रत्येक रोप जगून मोठे झाले असे समजा, तरी ते एका केंद्रालाही पुरत नाही.

पण आकडा अपुरा पडतो हा माझा मुख्य आक्षेप नाही. झाडे दसपट लावली तरी माझा आक्षेप उरतो. कोळसा हवेत गेला तो कायमचा फिरत्या खात्यात आला. झाडाने घेतलेला कार्बनही फिरत्या खात्यातच आहे. झाड पन्नास वर्षे जगेल, शंभर जगेल, मग पडेल, कुजेल किंवा सरपण होईल, आणि कार्बन हवेत. वणवा लागला तर उद्याच. २५ कोटी वर्षे बंद असलेली वस्तू पन्नास वर्षांच्या हमीवर बदलून घेतली, आणि पावतीवर लिहिले ‘शून्य’. जंगल कायम जंगल राहिले तर त्याने तेवढा साठा धरून ठेवला हे खरे, पण मग ती जमीन कायमची अडकली. पुढच्या वर्षीच्या कोळशासाठी नवी जमीन शोधा. ती जमीन कोणाची असते हेही विचारा. गडचिरोलीतल्या आदिवासीची असते, बिल्डरची नसते.

श्वासाच्या हिशेबात फिरत्या कार्बनला पुरलेला समजून गरिबाला आरोपी केले. झाडांच्या हिशेबात पुरलेल्या कार्बनला फिरता समजून धनदांडग्याला निर्दोष सोडले. चूक एकच आहे, फक्त उलट बाजूने केलेली.

मग आपण सोडलेला कार्बन जातो कुठे? निम्म्याहून थोडा कमी हवेत राहतो. उरलेला जमिनीवरच्या वनस्पती आणि समुद्र घेतात. समुद्राचा वाटा साधारण चौथा हिस्सा. समुद्राने घेतला म्हणून सुटलो असे नाही. त्यामुळे पृष्ठभागाच्या पाण्याची आम्लता औद्योगिक क्रांतीनंतर २५ ते ३० टक्के वाढली आहे आणि शिंपल्यांना, प्रवाळांना कवच बांधणे जड जाते आहे. सगळे समुद्र सारखे वागतात असेही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजले आहे की आपला अरबी समुद्र एकंदरीत कार्बन डायऑक्साइड घेत नाही, सोडतो. कारण मान्सूनचे वारे खालचे कार्बनने भरलेले पाणी वर आणतात. किनाऱ्यावर उभे राहून ‘समुद्र सांभाळून घेईल’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे.

साठा टिकवण्याच्या दृष्टीने आपल्या हातात खरे काही असेल तर ते नवे रोप नसून जुना चिखल आहे. खारफुटीची मुळे भरती-ओहोटीतला गाळ अडवतात. त्या गाळात प्राणवायू नसतो, त्यामुळे पडलेली पाने आणि मेलेली मुळे कुजत नाहीत, शतकानुशतके साठत राहतात. कोळशाची पहिली पायरी हीच. ठाण्याच्या खाडीत ती आजही चालू आहे. महाराष्ट्रात खारफुटी उरली आहे जेमतेम ३०० चौरस किलोमीटरहून थोडी जास्त. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने तिच्या तोडीवर बंदी घातली, तरी रात्री डंपर राडारोडा टाकून जातात. गाळ उकरला, सुकला की साठलेला कार्बन हवेत येऊ लागतो. खाडीलगतच्या वस्त्यांत आपले कार्यकर्ते आहेत, त्यांना डंपर कुठे रिकामे होतात हे माहीत आहे. त्या जागेचा फोटो, तारीख आणि वेळ घालून केलेली एक तक्रार मला शंभर रोपांइतकी मोलाची वाटते.

झाडे लावू नका असे मी म्हटल्याचे उद्या कोणी पसरवेल, म्हणून स्पष्ट सांगतो. झाडे लावा. मालेगावच्या गल्लीत, शाळेच्या अंगणात, कब्रस्तानात कडुलिंब लावा, करंज लावा, आणि पहिली तीन वर्षे पाणी घाला. सावली मिळेल, पत्र्याची खोली थोडी कमी तापेल. फक्त त्या सावलीची पावती कोळसा जाळणाऱ्याच्या हातात देऊ नका.

आता प्रश्न घेऊ. एक चिठ्ठी आधीच आली आहे : ‘लाकूड आणि गोवऱ्यांचा कार्बन फिरता आहे, मग चूल चांगली आणि गॅस वाईट म्हणायचे का?’ प्रश्न उत्तम आहे. कार्बनच्या खात्यापुरते बोलायचे तर गोवरीचा कार्बन गेल्या वर्षीच्या कडब्याचा, आणि सिलिंडरमधला पुरलेला, हे बरोबर. पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जाणारा धूर या खात्यात दिसत नाही, आणि गोवरी जाळली की शेतातल्या मातीला मिळायचे शेणही गेले. स्वयंपाकघरातला सिलिंडर हा देशाच्या उत्सर्जनातला फार लहान भाग आहे. तो काढून घेऊन हवामान वाचवण्याचे कोणी सुचवत असेल तर आधी त्याच्या घरी चूल पेटते का ते पाहा. पुढचा प्रश्न?